कण्यातील धातुशल्य आणि विलंबाने होणारा जंतुसंसर्ग

पाठीच्या कण्यात स्क्रू आणि सळया बसविलेला रुग्ण ही आता मुंबई-पुण्याच्या मोठ्या रुग्णालयांपुरती मर्यादित राहिलेली गोष्ट नाही. तालुक्याच्या गावी व्यवसाय करणाऱ्या वैद्याकडेही असे रुग्ण येतात. कोणाचा मणका अपघातात मोडलेला असतो, कोणाचे मणके एकमेकांवरून सरकलेले असतात, कोणाच्या कण्याची वक्रता कुमारवयात सरळ केलेली असते, तर कोणाच्या मणक्यातील क्षयाचा भाग काढून तेथे आधार दिलेला असतो. शस्त्रक्रियेला तीन-चार वर्षे लोटलेली असतात आणि मधल्या काळात रुग्ण सुखाने वावरलेला असतो. त्यामुळे तिचा उल्लेख तो बहुधा आपण होऊन करीत नाही. ‘पाठ दुखते, कंबर भरून येते’ एवढेच तो सांगतो. कटिशूल म्हणून आपण अभ्यंग, कटिबस्ती, गुग्गुळकल्प यांची योजना करतो. काही दिवसांनी जुन्या व्रणवस्तूच्या कडेला एक लहानसा फोड येतो, तो आपोआप फुटतो, त्यातून थोडा स्राव येतो, आणि रुग्ण ‘गळू झाले आहे’ म्हणून पुन्हा आपल्यासमोर बसतो.

हा फोड गळू नसतो. त्याचे मूळ दोन-तीन इंच खोल, धातूच्या सळईपाशी असते. अशा रुग्णाच्या बाबतीत वैद्याने आणि औषधालयचालकाने काय ओळखावे, आणि त्याहूनही महत्त्वाचे म्हणजे काय करू नये, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

शल्यतंत्राचे अध्ययन केलेल्या वैद्याला ही कल्पना परकी वाटण्याचे कारण नाही. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील सव्विसावा अध्याय प्रनष्टशल्याच्या ज्ञानासाठीच आहे. शरीरात राहिलेले शल्य शुद्धदेही पुरुषात उपद्रव न करता राहू शकते, त्यावरील व्रण भरूनही येतो; परंतु पुढे दोषप्रकोप, व्यायाम, आघात अशा कारणांनी ते विचलित होऊन पुन्हा पीडा करू लागते, असा आशय तेथे आला आहे. अस्थिगत शल्याच्या लक्षणांत नाना प्रकारच्या वेदना आणि शोथ यांचा निर्देश आहे. निदानस्थानाच्या दहाव्या अध्यायात नाडीव्रणाच्या भेदांमध्ये शल्यज नाडी स्वतंत्रपणे सांगितली आहे, आणि चिकित्सास्थानाच्या सतराव्या अध्यायात तिच्या चिकित्सेचा क्रम दिला आहे: प्रथम विदारण, मग शल्याचे निर्हरण, मग मार्गाचे शोधन आणि शेवटी रोपण. हा क्रम उलटा करता येत नाही. शल्य आत असता वरचे मुख भरून आणणे म्हणजे रोपण नव्हे.

मात्र येथे थोडे थांबले पाहिजे. सुश्रुताचार्यांना सूक्ष्म जंतूंचा थर ठाऊक होता किंवा स्क्रू-सळईचा विचार त्यांनी करून ठेवला होता, असे म्हणण्याचा मोह काही लेखकांना होतो. तो टाळलेला बरा. त्यांच्या समोरचे शल्य म्हणजे बाणाचे टोक, काटा, अस्थीचा तुकडा. ते काढणे हे नि:संशय हिताचे होते. आजचे धातुशल्य शस्त्रवैद्याने हेतुपुरस्सर बसविलेले असते आणि मणके एकमेकांना जुळेपर्यंत कण्याचा सगळा भार त्यावर असतो. ते केव्हा काढता येईल हा प्रश्न नवा आहे, आणि त्याचे उत्तर संहितेत शोधू नये.

या व्याधीचा आधुनिक इतिहास उद्बोधक आहे. अमेरिकेतील टेक्सास राज्यात ह्यूस्टन येथे पॉल हॅरिंग्टन यांनी कण्याच्या वक्रतेसाठी पोलादी सळईची पद्धत विकसित केली आणि 1962 साली ती प्रसिद्ध केली. त्यात सामान्यत: एखादी सळई व तिच्या टोकांशी आकडे असत. 1980 नंतरच्या दशकात फ्रान्समधील कॉट्रेल आणि द्युबुसे यांची पद्धत आली. दोन सळया, अनेक ठिकाणी आकडे व स्क्रू, आणि सळयांना जोडणारे आडवे दुवे. वक्रता अधिक चांगली सुधारू लागली. परंतु कण्याशेजारी राहणाऱ्या धातूचे प्रमाण आणि त्यातील सांधेही वाढले. 1990 नंतर निरनिराळ्या ठिकाणचे शल्यचिकित्सक सांगू लागले की, शस्त्रक्रिया उत्तम होऊन, जखम नीट भरून, एक-दोन वर्षांनी काही रुग्णांच्या पाठीतून स्राव येऊ लागतो. आत शोधले असता सळईभोवती गढूळ द्रव आणि कणमय ऊती सापडे, पण प्रयोगशाळेच्या कल्चरमध्ये जंतू उगवत नसत. तेव्हा काहींनी मत मांडले की हा संसर्ग नव्हेच. धातूचे भाग एकमेकांवर घासून जे सूक्ष्म कण सुटतात त्यांची ही प्रतिक्रिया आहे.

या मताला छेद मिळाला तो एका अगदी साध्या गोष्टीने. कल्चरच्या बश्या नेहमीप्रमाणे दोन-तीन दिवसांत टाकून न देता अधिक दिवस ठेवल्या. डॅलस येथील टेक्सास स्कॉटिश राइट रुग्णालयातील रिचर्ड्स यांनी 1995 साली 149 रुग्णांपैकी 10 जणांत असा विलंबित संसर्ग झाल्याचे प्रसिद्ध केले. 2001 साली त्याच रुग्णालयाने मोठी मालिका मांडली: 489 रुग्णांपैकी 23 जणांना, म्हणजे शेकडा 4.7 रुग्णांना हा उपद्रव झाला होता, आणि मूळ शस्त्रक्रियेपासून तो प्रकट होईपर्यंत सरासरी 27 महिने गेले होते. क्लार्क व शफलबार्जर यांनी 1999 साली 1,247 रुग्णांपैकी 22 जणांची नोंद केली. त्यांनाही कल्चर आठवडाभर किंवा अधिक ठेवू लागल्यावरच जंतू मिळू लागले. जे ‘निर्जंतुक’ म्हणून गणले जात होते त्यातील बहुतेक प्रकरणांत जंतू होते, फक्त त्यांना उगवायला वेळ हवा होता.

हे जंतू कोणते? सर्वाधिक आढळला तो मुखदूषिकेशी, म्हणजे तारुण्यपीटिकांशी ज्याचे नाव जोडलेले आहे तो प्रोपिओनिबॅक्टेरियम ॲक्नेस. 2016 साली त्याचे वर्गीकरण बदलून त्यास क्युटिबॅक्टेरियम ॲक्नेस असे नाव देण्यात आले. त्याखालोखाल त्वचेवर नित्य वसणारा स्टॅफिलोकोकस एपिडर्मिडिस. दोघेही निरोगी मनुष्याच्या त्वचेचे कायमचे रहिवासी, एरवी निरुपद्रवी. पाठीच्या वरच्या भागातील केशकूपांत व तैलग्रंथींत पहिल्याची वस्ती दाट असते आणि बाहेरून लावलेले जंतुनाशक द्रव्य तेथवर पुरेसे पोहोचत नाही. अनेक तास चालणाऱ्या शस्त्रक्रियेत त्यांतील काही आत जातात. त्यांचे बळ कमी असल्यामुळे तत्काळ काही घडत नाही. क्वचित दात, मूत्रमार्ग किंवा त्वचेवरील दुसऱ्या संसर्गातून रक्तावाटे जंतू येऊन धातूवर बसतात, हाही एक मार्ग आहे.

धातूवर बसलेला जंतू एकटा राहत नाही. तो स्वत:भोवती चिकट आवरण निर्माण करतो आणि त्यात जंतूंची वसाहत वाढते. यालाच बायोफिल्म म्हणतात. कॉस्टरटन यांनी 1978 पासून या विषयाकडे वैद्यकविश्वाचे लक्ष वेधले. 1987 साली ग्रिस्टिना यांनी शरीरातील कृत्रिम वस्तूच्या पृष्ठभागासाठी शरीराच्या पेशी आणि जंतू यांच्यात शर्यत लागते, अशी मांडणी केली. जंतूंनी ती जिंकली की रक्तातील श्वेतपेशी त्यांच्यापर्यंत नीट पोहोचत नाहीत आणि प्रतिजैविकांच्या नेहमीच्या मात्राही अपुऱ्या पडतात. यातून वैद्यवर्गाने एकच व्यावहारिक गोष्ट उचलायची आहे: पोटात घेतलेले कोणतेही औषध, मग ते ॲमॉक्सिसिलिन असो वा गंधक रसायन, धातूवरचा हा थर उतरवून टाकील अशी अपेक्षा ठेवू नये. प्रतिजैविकाने स्राव काही आठवडे थांबतो, रुग्ण समाधान पावतो, औषध बंद झाले की पुन्हा वाहू लागतो. दोन-तीन वेळा असे घडले की रुग्ण ‘मला इंग्रजी औषध लागू पडत नाही’ असे म्हणत आयुर्वेदाकडे येतो. तो अविश्वासाने नव्हे तर आशेने येतो, म्हणून आपली जबाबदारी अधिक.

आता लक्षणांचा विचार. मध्यंतरी वेदनारहित गेलेल्या कालानंतर पाठीत नव्याने सुरू झालेले दुखणे हे पहिले लक्षण होय. विश्रांतीने न थांबणारी व रात्री जाणवणारी वेदना अधिक संशयास्पद. व्रणवस्तूच्या आसपास मऊ, हलणारी सूज किंवा एका ठिकाणी होणारी स्पर्शासहत्वता हे दुसरे. तिसरे म्हणजे स्राव, तो थोडा, पाण्यासारखा किंवा पांढुरका, आणि कित्येकदा दुर्गंधरहित असतो. ज्वर बहुधा नसतो; असला तर सायंकाळी किंचित अंग तापण्याइतका. श्वेतपेशींची संख्याही अनेकदा प्राकृत असते. ई.एस.आर. व सी.आर.पी. वाढलेले असतात, पण फार नव्हे, आणि सी.आर.पी. प्राकृत आल्याने संसर्ग नाही असे ठरत नाही. ‘ज्वर नाही, रक्त ठीक आहे’ या दोन गोष्टींवर विसंबूनच या व्याधीत सर्वाधिक काळ वाया जातो. क्ष-किरण चित्रात स्क्रूभोवती काळी कडा दिसली तर स्क्रू सैल झाला आहे. ती सैलता केवळ यांत्रिक की संसर्गजन्य हे मात्र त्या चित्रावरून कळत नाही. एम.आर.आय.मध्ये धातूच्या छायेमुळे चित्र बिघडते. टायटेनियमपेक्षा पोलादाने अधिक. आपल्याकडे क्षयाचे प्रमाण लक्षात घेता क्षयजंतूंची तपासणी प्रत्येक रुग्णात व्हावयास हवी, विशेषत: मूळ शस्त्रक्रियाच क्षयासाठी झाली असेल तेव्हा.

पायांत नव्याने आलेले दौर्बल्य किंवा बधिरता, गुदयोनिभागी संवेदना हरपणे, मूत्राचा अवरोध किंवा अनवधानाने मूत्र-मल विसर्ग, अथवा थंडी वाजून तीव्र ज्वर येणे, यांपैकी एकही लक्षण असेल तर त्याच दिवशी, रात्र असेल तर रात्री, रुग्ण शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात पोहोचला पाहिजे. मज्जारज्जूवर दाब येत असता गेलेले तास परत मिळत नाहीत.

आपल्या हातून काय घडू नये, हे थोडे विस्ताराने सांगणे अगत्याचे आहे, कारण आपल्या चिकित्सेतील काही प्रभावी कर्मे येथे घातक ठरू शकतात. संशयित भागावर अभ्यंग, मर्दन, पत्रपिंडस्वेद, कटिबस्ती ही योजू नये. आत पूय असता वरून दाब व उष्णता देणे अयोग्यच, आणि सूक्ष्म छिद्र असेल तर त्यातून तेल आत जाते. व्रणवस्तूवर किंवा तिच्या कडेला विद्धकर्म वा अग्निकर्म करू नये. धातूपर्यंत पोहोचणारी नवी वाट आपण का पाडावी? जलौकावचरणाबाबत तर निक्षून सांगावयास हवे. जळवेच्या आतड्यात एरोमोनास जातीचे जंतू सहजीवी म्हणून राहतात आणि जलौकाप्रयोगानंतर त्यांचा संसर्ग झाल्याचे वैद्यकीय वाङ्मयात नोंदलेले आहे. इतरत्र तो धोका सांभाळता येतो. धातुशल्याच्या सान्निध्यात तो पत्करू नये.

क्षारसूत्राचे काय, असा प्रश्न येणारच. भगंदरात क्षारसूत्राचे यश सर्वमान्य आहे. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या बहुकेंद्रीय अभ्यासाचे निष्कर्ष 1991 साली प्रसिद्ध होऊन त्यास पुष्टीही मिळाली. त्यामुळे पाठीवर नाडी दिसताच एषणी हातात घेण्याची ऊर्मी भगंदर-चिकित्सकाला होणे स्वाभाविक आहे. परंतु भगंदरात नाडीला दोन मुखे असतात आणि तिचा मार्ग मांसातून जातो. येथे एकच मुख बाहेर आहे आणि दुसरे टोक धातूवर, मज्जारज्जूच्या आवरणापासून थोड्या अंतरावर. पूर्वीच्या शस्त्रक्रियेत मणक्याचा पाठीमागचा अस्थिभाग काढलेला असेल तर त्या आवरणावर अस्थीचे कवचही नसते. एषणी घालू नये, क्षारसूत्र बांधू नये, जात्यादि तैलाची वर्ती आत सारू नये. बाहेरून स्वच्छ कोरडी पट्टी, एवढेच पुरे.

औषधालयचालकांसाठी दोन गोष्टी. पाठीतील सळईचा उल्लेख करून पू येत असल्याचे सांगणाऱ्या ग्राहकास मलम किंवा प्रतिजैविकाची पट्टी देऊ नये. अनुसूची एच व 2014 पासून लागू झालेली एच-1 यांचे बंधन तर आहेच, परंतु त्यापलीकडे एक शास्त्रीय कारण आहे: चार दिवस घेतलेल्या अर्धवट प्रतिजैविकाने पुढे घेतलेले कल्चर निष्फळ ठरते, आणि कोणत्या जंतूवर उपचार करायचा हेच कळेनासे होते. शल्यचिकित्सक रुग्णाची प्रकृती स्थिर असेल तर नमुना घेण्यापूर्वी प्रतिजैविक दोन आठवडे बंद ठेवतात ते याच कारणासाठी. दुसरी गोष्ट सांधेदुखीच्या निनावी पुड्यांची. अशा काही पुड्यांत स्टिरॉइडची भेसळ वेळोवेळी उघडकीस आली आहे. स्टिरॉइडने वेदना व शोथ झाकले जातात, संसर्ग मात्र आत पसरतो. ज्याच्या लेबलावर घटक नाहीत ते फडताळावर ठेवूच नये.

रुग्ण पाठविताना केवळ तोंडी ‘मोठ्या डॉक्टरांकडे जा’ असे सांगून भागत नाही. पत्र द्यावे. त्यात शस्त्रक्रियेचे वर्ष व कारण, रुग्णाकडे कागद असल्यास धातूचा प्रकार, वेदना व स्राव सुरू झाल्याची तारीख, आतापर्यंत घेतलेली प्रतिजैविके नावे व दिवसांसह, मधुमेह, तंबाखू, आणि आपण दिलेली सर्व औषधे यांचा स्पष्ट उल्लेख असावा. नाडीच्या मुखावरील स्रावाचे कल्चर आपल्या गावच्या प्रयोगशाळेत करून घेण्याची घाई करू नये. त्यात त्वचेवरचे भलतेच जंतू उगवतात आणि दिशाभूल होते. योग्य नमुने शस्त्रक्रियेच्या वेळी खोलवरच्या ऊतींतून, निरनिराळ्या ठिकाणांहून घेतले जातात व दहा ते चौदा दिवस ठेवले जातात.

शल्यचिकित्सक पुढे काय करतात हे रुग्णाला आधीच समजावून सांगितले तर त्याचे भय कमी होते. मणके अस्थीने पूर्ण जुळले असतील तर सळया-स्क्रू काढून टाकणे, दूषित ऊतींचे छेदन, प्रक्षालन आणि त्यानंतर काही आठवडे प्रतिजैविक, हा सर्वसाधारण मार्ग. धातू तसाच ठेवून केवळ धुऊन घेतले तर संसर्ग पुन्हा उद्भवण्याची शक्यता मोठी असते. 2007 साली प्रसिद्ध झालेल्या, मुलांच्या वक्रतेवरील एका मालिकेत असे सुमारे निम्म्या रुग्णांत घडले. परंतु धातू काढण्याचीही किंमत आहे. जुळणी झाली आहे असे वाटूनही काही रुग्णांत वक्रता पुन्हा थोडी वाढते. जुळणी झालेलीच नसेल तर आधार काढता येत नाही. तेव्हा धातू ठेवून दीर्घकाल प्रतिजैविक, किंवा जुना काढून नवा बसविणे, असे कठीण निर्णय घ्यावे लागतात. वेळीच पाठविलेल्या रुग्णासमोर पर्याय अधिक असतात.

शस्त्रक्रियेनंतर रुग्ण आपल्याकडे परत येतो तेव्हा आपल्याला करण्याजोगे पुष्कळ असते. अग्नी, आहार, मधुमेहाचे नियंत्रण, तंबाखूचा त्याग, दीर्घ प्रतिजैविकांनी बिघडलेल्या कोष्ठाची काळजी. येथेही औषधांच्या परस्परसंबंधाचे भान ठेवावे. स्टॅफिलोकोकसच्या संसर्गात अनेकदा रिफाम्पिसिन दिले जाते. त्याने मूत्र नारिंगी-तांबडे होते. ते रक्त समजून अधोग रक्तपित्ताची चिकित्सा सुरू करू नये. पिंपळी-मिऱ्यातील पाइपरिन रिफाम्पिसिनचे शोषण वाढविते. जम्मू येथील सी.एस.आय.आर.च्या प्रयोगशाळेच्या संशोधनातून क्षयासाठी जो संयुक्त कल्प निघाला त्यात पाइपरिनच्या साहाय्याने रिफाम्पिसिनची मात्रा 450 मिलिग्रॅमवरून 200 मिलिग्रॅमवर आणली गेली. म्हणजे पूर्ण मात्रेत रिफाम्पिसिन घेणाऱ्यास त्रिकटूयुक्त कल्प सहज म्हणून देणे योग्य नव्हे. यकृतावर भार पडतो. याउलट, सिप्रोफ्लॉक्सासिन व डॉक्सिसायक्लिन यांना लोह आणि कॅल्शियम आतड्यातच बांधून ठेवतात व त्यांचे शोषण घटते. लोहभस्म, मंडूर, शंखभस्म, प्रवाळ यांच्या बाबतीत हीच सावधगिरी हवी. सिप्रोफ्लॉक्सासिन हे अशा कल्पाच्या किमान दोन तास आधी किंवा सहा तास नंतर घ्यावे. डॉक्सिसायक्लिन चालू असता केवळ वेळेचे अंतर पुरत नाही, कारण ते पित्तावाटे पुन्हा आतड्यात येते आणि तेथील लोहाशी बांधले जाते. तेव्हा तो क्रम संपेपर्यंत लोहकल्प बंदच ठेवावेत, आणि ही सूचना औषधाच्या पुडीवर लिहून द्यावी.